प्रावरण घट्ट आहे, आणि तरीही वाहतं

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हा उकळतोय, असं आमच्या सोसायटीतल्या दहावीच्या मुलांपासून ते माझ्याबरोबर काम करणाऱ्या इंजिनियरांपर्यंत बहुतेकांना वाटतं. तसं नाहीये. कवचाखालचं प्रावरण जवळजवळ २,९०० किलोमीटर जाड आहे, पृथ्वीचं ८४ टक्के आकारमान त्यानेच व्यापलंय, आणि काही ठिकाणचं किरकोळ वितळण सोडलं तर तो घन खडक आहे. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून त्या खुशाल जातात. आणि हाच घन खडक वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या चालीने वाहतो.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलर हाउस सांभाळते, त्यामुळे उष्णता कुठून कशी जाते हा माझा रोजचा प्रश्न. आमच्याकडे फर्नेस ऑइलची टाकी आहे. जानेवारीतल्या गार पहाटे ते तेल इतकं घट्ट होतं की पंप ओढतच नाही. मग तळाच्या कॉइलमध्ये वाफ सोडायची. बराच वेळ वरच्या थर्मामीटरचा काटा जागचा हलत नाही. नवीन आलेला प्रत्येक ऑपरेटर विचारतो, "मॅडम, कॉइल चोकअप आहे का?" चोकअप नसते. कॉइलजवळचं तेल पातळ होऊन वर चढायला आणि वरचं गार तेल खाली यायला वेळ लागतो. एकदा ते सुरू झालं की काटा भराभर सरकतो. तेल जितकं गरम तितकं पातळ, आणि जितकं पातळ तितकं जास्त फिरतं.

प्रावरणाचा इतिहास मला याच नियमाने कळला. खडक जास्त तापला की नरम पडतो, अभिसरण, म्हणजे हे वर-खाली फिरणं, जोर धरतं, उष्णता लवकर बाहेर पडते. गार होत गेला की घट्ट होतो, फिरणं मंदावतं, उष्णता आत टिकते. म्हणजे पृथ्वीला स्वतःचा थर्मोस्टॅट आहे. म्हणूनच ४५४ कोटी वर्षांत प्रावरण गार झालं ते काहीशे अंशांनीच. याचा पुरावा दगडात मिळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीवरून नाव पडलेला कोमाटाइट हा खडक १,६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या लाव्हापासून बनला, आणि असे बहुतेक खडक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत. आज हवाईत बाहेर पडणारा लाव्हा १,२०० अंशांच्या आगेमागे असतो.

हे अभिसरण लक्षात न घेतल्यामुळे लॉर्ड केल्व्हिनसारखा नामवंत भौतिकशास्त्रज्ञ फसला. १८६२ साली त्याने पृथ्वीचं वय २ ते ४० कोटी वर्षं काढलं. पृथ्वी हा एक तापलेला घट्ट गोळा आहे आणि तो फक्त वहनाने, म्हणजे खडक जागचा न हलता उष्णता त्यातून सरकत जाऊन, निवतोय, असं धरून. किरणोत्साराचा शोध लागल्यावर ते गणित कोसळलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण त्याआधीच, १८९५ मध्ये, केल्व्हिनचाच जुना सहायक जॉन पेरी याने खरी खोच सांगितली होती: आतला भाग वरच्या कवचापेक्षा उष्णता सहज वाहून नेत असेल, तर वय २००-३०० कोटी वर्षांपर्यंत सहज जातं. नुसता किरणोत्सार गणितात घातला आणि वहनच धरून बसलं, तर केल्व्हिनचं उत्तर फारसं बदलत नाही. पेरीचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

किरणोत्साराचं महत्त्व मात्र वेगळ्या जागी आहे. पृथ्वीतून आज साधारण ४७ टेरावॉट उष्णता बाहेर पडते. त्यातली निम्म्याच्या आसपास युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या ऱ्हासातून येते, बाकीची जन्मापासूनची शिल्लक.

आणखी एक. लोकांचं लक्ष वर येणाऱ्या गरम प्रवाहांकडे जातं, पण भूपट्टांना, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराच्या सरकणाऱ्या तुकड्यांना, ओढण्याचं मुख्य काम खाली बुडणारे गार भाग करतात. भारत आशियाकडे एके काळी वर्षाला १५ सेंटीमीटरहून जास्त वेगाने धावला, त्यात दोघांच्या मधल्या तेव्हाच्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली बुडत होता याचा मोठा वाटा आहे. त्या तळाचे तुकडे अजून भारताच्या खाली खोल प्रावरणात आहेत. आजूबाजूच्या खडकापेक्षा ते गार आहेत, त्यामुळे भूकंपलहरी त्यांच्यातून किंचित वेगाने जातात आणि ते ओळखू येतात.

वर येणाऱ्या प्रवाहाची खूण मात्र आपल्या दारात आहे. पारसिकचा डोंगर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आज जो गरम प्रवाह आहे, त्याच्याशी या लाव्हाचं नातं जोडतात. कळव्या-मुंब्र्याकडून डोंगर पाहिला की लाव्हाचे थर पश्चिमेकडे कललेले दिसतात. पुढे सेशेल्सचा तुकडा सुटला, किनारा ताणला गेला आणि थर वाकले. भूशास्त्रज्ञ या वाकाला पनवेल फ्लेक्शर म्हणतात.

शेवटी वज्रेश्वरीबद्दल, कारण मी हा विषय काढला की कोणी ना कोणी विचारतंच. तानसा नदीकाठच्या त्या गरम पाण्याच्या कुंडांखाली ज्वालामुखी नाही. उष्णता प्रावरणातून अभिसरणाने वर येते ती भूपट्टाच्या तळापर्यंतच. पुढचे शंभरेक किलोमीटर खडक फिरत नाही, तिथे तिला वहनानेच सरकावं लागतं, आणि वाटेत कवचातल्या किरणोत्साराची थोडी भर पडते. पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं, तिथल्या गरम खडकाला लागून तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. केल्व्हिनचं गणित लागू पडतं ते याच वरच्या थरात.