गोठ्यातला रूळ कुठल्या लाईनचा?

आमच्या सोलापूर-धाराशिव-लातूर पट्ट्यात रेल्वेचा जुना रूळ कुठंही भेटतो. शाळेत टोल म्हणून टांगलेला तुकडा, लोहाराकडं ऐरण म्हणून रोवलेला, बांधावर काटेरी तार ताणायला गाडलेला, विजेचा खांब म्हणून उभा केलेला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे जुन्या घरांच्या माळवदात अन् गोठ्यांत, वर शहाबादी फरशी आणि खाली तुळईच्या जागी रूळ. लोक सरसकट गर्डर म्हणतात, पण गर्डरची वरची-खालची पट्टी सारखीच असते आणि रुळाला वर जाड डोकं, मधे बारीक कंबर, खाली रुंद सपाट पाय, एकदा नजर बसली की एसटीतून जाताना पण ओळखू येतं.

खरी गंमत त्या कंबरेवर असते. रूळ कारखान्यात लाटतानाच तिथं उठावाची अक्षरं येतात, बनवणाऱ्याचं नाव, वजनाचा प्रकार, साल, बऱ्याचदा रोमन आकड्यात महिना सुद्धा. बॅरो किंवा डॉर्मन लाँग वाचलं तर माल इंग्लंडहून बोटीनं आलेला, टिस्को, म्हणजे टाटांचा पोलाद कारखाना, असेल तर जमशेदपूरचा. (पहिल्या महायुद्धात याच कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियाला गेले होते.) भिलाईचे रूळ त्यानंतरचे, साधारण १९६० पासूनचे.

मामाच्या गोठ्यातल्या रुळावर चुन्याचे इतके थर बसलेत की आधी काहीच दिसत नव्हतं. तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं घासलं आणि बॅटरी समोरून न मारता बाजूनं तिरकी धरली, तेव्हा सावली पडून अक्षरं वर आली, टिस्को, पुढं ६०, आणि सालातले शेवटचे दोन आकडे भिंतीत गेलेले. टेप लावला तर उंची ११४ मिलीमीटर, पाय ११० ला जरा कमी. म्हणजे ६० आर, यार्डाला ६० पौंड.

हे माप का महत्त्वाचं ते सांगतो. आमच्याकडं जुना रूळ म्हटलं की प्रत्येकजण बार्शी लाईट रेल्वेचं नाव घेतो, आणि साहजिकच आहे, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअर साहेबानं उभी केलेली अडीच फुटी नॅरोगेज १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आत्ताच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली, मग पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, असं करत सव्वातीनशे किलोमीटर झाली, आणि पंढरीच्या वारीला कित्येक पिढ्या तिच्यातूनच गेल्या. पण ती लाईन मुळात यार्डाला ३० पौंडाच्या रुळावर बांधलेली, डब्यांचा-इंजिनाचा भार एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त पडू नये असा सगळा हिशोब, त्यामुळं तो रूळ एकदम किरकोळ दिसतो, उंची जेमतेम तीन इंचांच्या आसपास, मीटरला पंधरा किलो. मामाकडचा त्याच्या दुप्पट. तो मीटरगेजचा असण्याची शक्यता जास्त, आणि आमच्या आसपास मीटरगेज पण होत्याच की, होटगी-गदग होती, निजामाची मनमाड-सिकंदराबाद होती.

९० आर सापडला, म्हणजे उंची १४३ आणि पाय १३६-१३७, तर तो ब्रॉडगेजचा. मीटरला ५२ किलोवाला आणखी उंच, १५६, पण पाय जवळपास तेवढाच, म्हणून नुसता पाय मोजून फसायला होतं.

मात्र कंबरेवरचं साल म्हणजे लाईन टाकल्याचं साल धरू नका, ते फक्त रूळ लाटल्याचं. मेन लाईनवर झिजलेला रूळ काढून शाखेवर टाकायचा, तिथून साइडिंगला, मग लिलावात, असा प्रवास करून तो गावात येतो. डोक्याची एकच बाजू खाल्लेली असेल तर तो वळणावरचा, बाहेरच्या अंगाचा. टोकाला कंबरेत गोल भोकं म्हणजे फिशप्लेटची, दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीची, जागा, ते मूळ टोक. टोक खडबडीत वितळल्यासारखं असेल तर गॅस कटरनं नंतर कापलेला.

आणि कुठं दोन्हीकडं सारखंच डोकं असलेला, पायच नसलेला रूळ दिसला तर कृपया थांबा. ते सगळ्यात जुने. एक बाजू झिजली की उलटा करून वापरू अशी कल्पना होती, पण खालची बाजू बिडाच्या चेअरमधे, म्हणजे रूळ धरणाऱ्या बैठकीत, बसून बसून खड्डे पडायचे आणि उलटा करून उपयोग व्हायचा नाही. त्यातले घडीव लोखंडाचे असतील तर गंज लाकडाच्या रेषांसारखा थराथरानं सुटतो, पोलादाला तसं होत नाही.

फक्त विकत घ्यायचा मोह झाला तर लिलावाची पावती बघूनच घ्या, रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि तो कडक आहे.

सध्या गावोगावी माळवदं पाडून स्लॅब पडतायत आणि रूळ किलोवर भंगारात चाललेत, मला खरंच वाईट वाटतं कारण बार्शीच्या नॅरोगेजची ब्रॉडगेज झाल्यावर त्या लाईनीचं हातात धरता येईल असं फार थोडं उरलंय. तुमच्याकडं घर पाडणार असतील तर आधी फोटो काढा, कंबरेच्या दोन्ही बाजूंचा, कारण नाव एकाच बाजूला असतं आणि दुसरीकडं कधी नुसता ठोकलेला नंबर असतो. तुकडा लहान असेल तर नाव अर्धंच येईल, चालतं, शेजारी टेप धरून उंची आणि पाय दोन्ही दिसू द्या आणि गावाचं नाव लिहा.