मेजरची बंदूक

एका माजी सैनिकाच्या घरच्या वहिनी ऑफिसात आल्या त्या नवऱ्याच्या हयातीच्या दाखल्याचं विचारायला. नोव्हेंबरात दाखला द्यायचा राहिला, पेन्शन थांबली, घरकर्जाचा हप्ता चुकला. दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण त्याला पेन्शनर स्वतः लागतो. "त्यांनाच घेऊन या," म्हटलं. तर म्हणाल्या, "ते म्हणतात, आता कशाला? सगळी कागदं एका पिशवीत घालून माझ्याकडं दिलीत. मेडलं पुतण्याला देऊन टाकली."

सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माझ्यासारख्याला कागद नीट लावून ठेवणारा माणूस आवडतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, बायकोच्या नावाची जोड नोंद, सगळं जागच्या जागी. म्हणूनच जीव द्यायचा विचार चालल्याची ही खूण, सगळं आवरून देऊन टाकणं, आमच्या खिडकीवर सगळ्यात आधी येते आणि सगळ्यात सहज निसटते. "मी गेल्यावर मिसेसला किती बसतील?" हे कुणी ना कुणी विचारतच असतं. क्लार्क आकडा सांगतो आणि पुढच्याला बोलावतो. विचारणारा सत्तरीचा असेल तर ठीक. वहिनींचा नवरा त्रेचाळीसचा होता आणि आमच्याच खिडकीवर हेच विचारून गेला होता.

आमच्याकडे गावात शिपायापासून सुभेदारापर्यंत सगळ्यांना 'मेजर'च म्हणतात. हे मेजर हवालदार म्हणून उतरले. जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो तेव्हा पोरं शाळेत असतात, कर्ज नवं असतं आणि युनिट एका दिवसात सुटलेलं असतं. मग बहुतेकांची वाट एकच: एजन्सीमार्फत बँकेत किंवा कॅशव्हॅनवर गनमॅन. बंदूक आणि लायसन स्वतःचं असेल तरच ती जागा मिळते. मेजरकडे बारा बोअरची दुनळी होती. रात्रपाळी, दिवसा झोप नाही, झोपेसाठी दारू. त्यात पेन्शन थांबली.

संध्याकाळी गावी गेलो. ओसरीवर त्यांची मेहुणेमंडळी समजूत काढत बसली होती: तू फौजी माणूस, सियाचीनला राहिलास, तुला काय झालंय? हे वाक्य मला जन्मात आवडलेलं नाही. नोकरीत असताना शेप नावाची वैद्यकीय श्रेणी असते. त्यातला 'एस' मनाचा. तो एकवरून खाली घसरला की हातातलं हत्यार जातं, प्रमोशन अडकतं. इतकी वर्षं ज्याने 'एस वन' टिकवायला झोप, धास्ती, रडू सगळं गिळलं, तो घरी आल्यावर ओसरीवर चारचौघांत तोंड उघडेल कसा?

त्यांना गोठ्याकडे नेलं आणि सरळ विचारलं, "मेजर, जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट 'तसलं काही मनात नाही ना?' असं विचारलं की समोरचा 'नाही' म्हणून मोकळा होतो. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "येतो." पुढचे प्रश्नही तितकेच सरळ विचारायचे असतात: कधीपासून, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केलाय का. साधन हाताशी होतं, कपाटात. शुक्रवार होता. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, आणि रेफरलवर ज्यांना दाखवायचं त्यांची ओपीडी सोमवारी.

त्या रात्रीचं खरं काम बंदुकीचं होतं. अशा टोकाच्या घटका येतात आणि ओसरतातही. त्या वेळी साधन हाताशी नसलं की बहुतेक माणूस तगतो. पण बंदूक घराबाहेर काढणं बोलण्याइतकं सोपं नाही. ज्याच्या नावावर लायसन आहे त्याच्याशिवाय दुसऱ्याने ती उचलून न्यायची सोय नाही. वहिनींनी पिशवीत घालून माहेरी नेली असती तर गुन्हा त्यांच्यावर. पोलीस ठाण्यात जमा होते, पण कारण लिहावं लागतं, आणि शस्त्र कायद्यात 'मन ठिकाणावर नसणं' हे लायसन रद्द करायचं कारण आहे. लायसन गेलं की नोकरी गेली, म्हणून घरचे तोंड उघडत नाहीत. जो कायदा धोका टाळायला केला, त्याच्याच भीतीने बंदूक कपाटात राहते.

तिसरी वाट फार कुणाला ठाऊक नसते: परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सेफ कस्टडी. लायसनधारकाचा अर्ज, लायसनची प्रत, बंदुकीचा नंबर, काडतुसांची मोजणी, थोडं भाडं, आणि पावती. मेजर तयार झाले ते एकाच शब्दावर: जप्त नाही, जमा. फौजीला कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात, हत्यार जमा करणं ठाऊक असतं, त्यात कमीपणा नसतो. आधी काडतुसं थोरल्या भावाने मोजून वेगळी केली आणि स्वतःच्या कुलपात ठेवली. मग दुनळी मोकळी आहे हे उघडून दोघांनी बघितलं, नळी, दस्ता आणि पुढचं लाकूड सुटं केलं. विक्रेत्याचं दुकान सकाळी उघडणार, तोवर तुकडे एका खोलीत आणि किल्ली भावाच्या कमरेला. शनिवारी मेजरनी स्वतः सही केली, भाऊ सोबत होता. फवारणीची औषधंही शेडमधून शेजारच्या कुलूपबंद खोलीत हलवली. बंदूक काढून ही औषधं विसरायची म्हणजे अर्धंच काम.

मेहुण्यांना त्याच रात्री देवासमोर दारू सोडायची शपथ घालायची होती, एकादशीला माळ घालायची होती. हेतू चांगला, पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ती डॉक्टरच्या हाताखालीच उतरवायची असते. हे पटवण्यात माझा बंदुकीपेक्षा जास्त वेळ गेला.

सोमवारपर्यंतचं रोस्टर लावलं. त्यांच्या युनिटचे तिघं तालुक्यातच होते. एकेकाने रात्र काढायची, उपदेश करायचा नाही, जुन्या पोस्टिंगच्या गप्पा मारायच्या. रात्री दोनला मन फिरलं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आणि मराठीतही. फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलिमानसचा वेगळा कक्ष २०२३च्या १ डिसेंबरला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. नंबर मेजरच्याच मोबाइलवर मेजरकडूनच लावून घेतला, एकदा बोलायला लावलं. हाताने एकदा लावलेला नंबर अडचणीत पुन्हा लागतो. आणि तब्येत जास्तच बिघडली तर रेफरलची वाट न बघता ईसीएचएसच्या यादीतलं जवळचं हॉस्पिटल गाठायचं, इमर्जन्सीत कागद मागाहून होतो. घरच्यांना पोलीस केसची धास्ती होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये जीव द्यायचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात, त्याला शिक्षा नाही. हे कलम ११५ मी छापून खिशात ठेवतो, कारण तोंडी सांगितलेलं कुणाला खरं वाटत नाही.

सोमवारी रेफरल झालं, अ‍ॅडमिट केलं, औषधं सुरू झाली. हयातीचा दाखला वॉर्डातूनच मोबाइलवर केला, पेन्शन थकबाकीसह आली. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, आणि नेमके तेव्हाच सगळे 'बरा झाला' म्हणून घरी निघून जातात. म्हणून रोस्टर चालू ठेवलं.

आता मेजरला झोप लागते. फोनवर विचारतात, "साहेब, बंदूक कधी घेऊ?" एजन्सी गनमॅनचा पगार बंदुकीशिवाय देत नाही. मेस्कोकडे, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाकडे, विनाशस्त्र जागेसाठी नाव दिलंय, पण पगारात फरक पडतो आणि हप्ता तोच आहे. डॉक्टर औषधाबद्दल लिहून देतात, हत्यार परत द्यावं की नाही याबद्दल लिहायला तयार नाहीत. विक्रेता म्हणतो, मालक पावती घेऊन आला तर मी कोण अडवणार? पावती सध्या मेजरनी स्वखुशीने भावाकडे दिली आहे. पुढच्या तपासणीला भाऊ, वहिनी आणि मेजर तिघांना डॉक्टरांसमोर एकत्र बसवायचं ठरवलंय. तोवर पगारातला फरक कशातून भरायचा, ते मात्र कुठल्याच योजनेत बसवता आलेलं नाही.