पडद्याच्या मागनं बघितलेले सिनेमे

आमची गल्ली सांगलीच्या गावभागात, कृष्णेचा घाट चालत पाच मिनिटांवर. गल्लीचं मंडळ तसं बारकंच, वर्गणी गोळा करायला दोन संध्याकाळी पुरायच्या. पण गणपतीत सातव्या दिवशी रात्री आमच्याकडं सिनेमा असायचा आणि त्याला शेजारच्या चार गल्ल्या यायच्या. संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी गेला की सांगलीतली अर्धी गर्दी ओसरते, मग उरलेल्या दिवसांत लोकांना कुठंतरी बसायला पाहिजेच की, त्यासाठी म्हणून आमच्या वडीलमंडळींनी तो सातवा दिवस धरून ठेवलेला.

मी सांगतोय ते साधारण 1976 ते 85 पर्यंतचं. सोळा एमएमचा प्रोजेक्टर भाड्यानं यायचा, रिळांच्या पत्र्याच्या पेट्या कोल्हापूरहून एस्टीनं यायच्या, त्या स्टँडवरनं आणायला आम्ही पोरं सायकलवर, आणि पेटी कॅरिअरला बांधली की ती सायकल चालवायची नाही, हातानं ढकलत आणायची असा आमच्या गल्लीतल्या तात्यांचा नियम. दोन बांबू, मध्ये पांढरा पडदा, वर एक कर्णा. आणि पडद्याच्या दोन्ही बाजूला माणसं. पुढच्या बाजूला पुरुष, पोरं आणि पाहुणे, मागच्या बाजूला बायका, कारण मागं देवळाचा कट्टा होता आणि तिथं बायकांना पाय सोडून बसता यायचं. मी आज्जीसोबत, म्हंजे मागं.

पडद्याच्या मागनं सिनेमा बघितलाय का कुणी? सगळं उलटं दिसतं. माणसं डाव्या हातानं जेवतात, बायकांचा पदर उजव्या खांद्यावर, बैलगाडी इकडनं यायची ती तिकडनं येते. आज्जीनं आयुष्यातले बहुतेक सिनेमे असेच बघितले आणि तिला खरंच वाटायचं की सिनेमातली माणसं डावरी असतात. पुढं घरात टीव्ही आला आणि शनिवारच्या मराठी सिनेमात सूर्यकांत उजव्या हातानं जेवताना दिसले, तर ती म्हणाली, "आरं, ह्यो सुधारला की."

तर आता मुद्दा. मागनं बघताना चेहरे दिसतात, गोष्ट कळते, फक्त सुरुवातीची नावं वाचता येत नाहीत, कारण अक्षरं उलटी. तेव्हा तात्या काय करायचे, टायटल सुरू झाली की माईक घ्यायचे आणि एकेक नाव मोठ्यांदा वाचायचे. पडद्याच्या मागच्या बायकांसाठी. तात्या हौशी नाटकात प्रॉम्प्टर होते, भावे नाट्यमंदिरात कित्येक वर्ष विंगेत बसून लोकांना वाक्यं पुरवलेली, त्यामुळं आवाज असा की न ओरडता शेवटच्या माणसाला कळेल. आणि त्यांची वाचायची एक पद्धत होती. हिरो हिरॉइनचं नाव नुसतं वाचायचे आणि पुढं जायचे, पण त्याच्या खालची जी बारीक अक्षरातली नावं असतात ना, एका पाटीवर सहा सहा, ती सावकाश, प्रत्येक नावानंतर थांबून. "इंदिरा चिटणीस." थांबले. "वसंत शिंदे." थांबले. "दादा साळवी." तेवढ्या वेळात पाटी निघून जायची, तरी तात्या वाचतच असायचे, कारण त्यांची ती पाठ असायची.

मला वाचता यायच्या आधी ही नावं कानानं पाठ झाली. बाकीच्या पोरांना हिरो आवडतात त्या वयात मला शरद तळवलकर आवडायचे, आणि आज पन्नाशी ओलांडली तरी कुणी आवडता सिनेमा कोणता विचारलं की मला आधी साइड रोलवाली माणसं आठवतात आणि मग सिनेमाचं नाव.

उदाहरणार्थ पिंजरा. 1972 चा, शांतारामबापूंचा, संध्या आणि डॉक्टर लागू, सगळं बरोबर आहे, लागूंचा मास्तर म्हंजे काय बोलायचं, शिवाय माणूस शेजारच्या साताऱ्यात जन्मलेला. गाणी जगदीश खेबुडकरांची आणि संगीत मिरजेच्या राम कदमांचं, त्यामुळं आमच्या इथं पिंजरा लागला की घरचं कार्य असल्यासारखं. पण आमच्या कट्ट्यावरच्या बायका बघायच्या ते वत्सला देशमुखांना. फडावरची ती मोठी बाई, चार उन्हाळे पावसाळे बघून कडक झालेली. आज्जी म्हणायची की ही बाई बोलत नाही तेव्हाच जास्त बोलते. मी पुढं लई समीक्षा वाचली पण याच्यापेक्षा नेमकं कुणी सांगितलेलं मला सापडलं नाही.

निळूभाऊंचं तर काय सांगू. 1968 च्या एक गाव बारा भानगडी मधनं ते सिनेमात आले, झेलेअण्णाच्या भूमिकेत, आणि तिथनं जो धसका घेतला बायकांनी तो कायमचा. तात्यांनी "निळू फुले" असं वाचलं की मागच्या बाजूनं, म्हंजे आमच्या कट्ट्यावरनं, बोटं मोडल्याचा आवाज यायचा, खरोखर. आणि तरी ते पडद्यावर आले की एक बाई घरी जायला उठायची नाही, पोर रडलं तर तिथंच पाठीवर थोपटत बसायची.

सामना आमच्याकडं लागला ते साल मला नक्की आठवत नाही पण रात्र आठवते. बर्लिनच्या 1975 च्या फेस्टिवलला गेलेला सिनेमा आमच्या गल्लीत बांबूवर लावलेला. साखर कारखान्याच्या गावातली गोष्ट, आणि बघणारे सगळे ऊसपट्ट्यातले, अर्ध्या लोकांचा ऊस कुठल्या ना कुठल्या कारखान्याला जाणारा. निळूभाऊंचा हिंदूराव धोंडे पाटील आणि लागूंचा दारुडा मास्तर, तो सारखा विचारतोय मारुती कांबळेचं काय झालं. हा मारुती कांबळे म्हंजे मोहन आगाशे, पडद्यावर किती थोडा वेळ आहेत बघा, पण सगळा सिनेमा त्या माणसाभोवती फिरतो. एरवी आमच्या सिनेमात भडंगाचे पुडे फाडल्याचा आवाज, पोरांची पळापळ, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय, हे सगळं चालू असायचं. त्या रात्री सगळी शांत. ऑपरेटरनं रीळ बदलायला लाइट लावला तेव्हा पण कुणी उठलं नाही. प्रोजेक्टर एकच, त्यामुळं दर रिळाला पाच मिनिटं थांबायला लागायचं, आणि त्या पाच मिनिटांत सगळा पुरुषवर्ग पानाच्या टपरीकडं जायचा हा रिवाज, तो त्या दिवशी मोडला.

आणि मग सिंहासन. 1979 चा. तात्यांनी नावं वाचली, अरुण सरनाईक, निळू फुले (इथं बोटं मोडून झाली), दत्ता भट, सतीश दुभाषी, मोहन आगाशे, नाना पाटेकर तेव्हा बारक्या पाटीवर. आणि सिनेमा सुरू झाला तर निळूभाऊ पत्रकार, दिगू टिपणीस, खांद्याला झोळी लावून फिरणारा साधा माणूस. बायका वाट बघतायत की आता हा काहीतरी वाईट करणार. शेवटपर्यंत करत नाही. शेवटी त्याला वेड लागल्यासारखं होतं, तो हसत सुटतो, तर आमच्या कट्ट्यावर दोघीतिघी डोळ्याला पदर लावून बसलेल्या. ज्याच्यावर दहा वर्ष बोटं मोडली त्याच्यासाठी! नट किती मोठा होता हे मला त्या रात्री कळलं.

सगळेच सिनेमे असे जड नसायचे. लाखाची गोष्ट आला की मजा, 1952 चा जुना सिनेमा पण गोष्ट अशी की महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे, आणि कट्ट्यावरच्या बायका सिनेमा सोडून हिशोबच करत बसायच्या, सोनं किती तोळं, शेत किती एकर, तरी पैसे उरतातच. राजा गोसावी सातारा जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे, राजा परांजपे मिरजेचे, आणि पटकथा नि गाणी आटपाडीकडच्या माडगूळकरअण्णांची, त्यामुळं तात्या टायटल वाचताना मध्येच गावांची नावं पण घुसडायचे. पडद्यावर नसलेलं ते वाचतात हे आम्हाला लई उशिरा कळलं. "राजा परांजपे, मिरज." असं. आम्हाला वाटायचं छापलेलंच आहे.

तात्यांनी सिनेमा थांबवला असा एकच प्रसंग. एक तमाशापट होता, तात्यांनी "गणपत पाटील" वाचलं आणि आम्ही पाचसहा पोरांनी ती नाच्याची, म्हंजे तमाशातल्या बायकी सोंगाची, टाळी वाजवून चिरक्या आवाजात नक्कल केली, मी पण त्यात. मी तेव्हा मोठा झालेलो, पुढच्या बाजूला बसायला लागलेलो. तात्यांनी ऑपरेटरला हात केला, प्रोजेक्टर बंद, लाइट लावला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की हा माणूस कोल्हापूरचा, बायकामुलांचा संसार असलेला, आणि काम इतकं चांगलं करतो म्हणून लोक त्याला बाहेर पण नाच्याच समजतात आणि त्याच्या घरच्यांना त्याचा त्रास होतो, तर त्याच्या कामाला टाळी द्यायची असेल तर नीट द्या. मग सगळ्या गल्लीनं नीट टाळ्या वाजवल्या आणि सिनेमा पुढं चालू. गणपतरावांनी पुढं आत्मचरित्र लिहिलं, रंग नाच्याचा, ते मी वाचलं तेव्हा तात्यांचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं आणि मान खाली गेली.

शाळेच्या गॅदरिंगला पण हे सगळं आमच्यासोबत यायचं. एका वर्षी आमच्या वर्गानं सामनातला एक प्रवेश बसवला तर हिंदूराव व्हायला अकरा पोरं तयार. रत्नमालाबाईंची "आये", सोंगाड्यातली, एका पोरानं अशी केली होती की खालच्या लाइनीत बसलेल्या बाई रडायला लागल्या.

आज्जीचा लाडका सिनेमा मात्र सांगत्ये ऐका. 1959 चा, अनंत मान्यांचा, पुण्यात विजयानंदला 131 आठवडे चालला. बुगडी माझी सांडली गं, जाता साताऱ्याला, हे गाणं माडगूळकरांचं आणि आवाज आशाबाईंचा, त्यांचा जन्म सांगलीचा, म्हंजे साताऱ्याचं नाव झालं पण माल सगळा सांगलीचा असं आमच्याकडं अभिमानानं सांगतात. नाचणारी जयश्री गडकर, पण आज्जी बघायची हंसा वाडकरांना. शेवटी पोरगी भर तमाशात सगळ्या गावासमोर पाटलाचं पाप बोलून दाखवते, तिथं आज्जी आणि तिच्या मैत्रिणी मांडी मोडून पुढं सरकून बसायच्या. मी पाच वेळा तरी तिच्यासोबत हा सिनेमा बघितला, पाचही वेळा मागनं.

पुढं व्हिडिओ आला. मंडळानं व्हीसीआर आणि दोन टीव्ही आणायला सुरुवात केली, धुमधडाका, नंतर बनवाबनवी. सिनेमे चांगलेच, धुमधडाक्यातले शरद तळवलकर आणि बनवाबनवीतले सुधीर जोशी, त्यांचा तो घरमालक विश्वास सरपोतदार, आणि नयनताराबाईंच्या लीलाबाई काळभोर, यांच्यावर मी तासभर बोलू शकतो, अजून पण कुणी घरमालकाचा विषय काढला की मला सुधीर जोशींचा चेहरा दिसतो. पण टीव्हीला मागची बाजू नसते. बायका आता पुढं बसायला लागल्या, नावं सुलटी दिसायला लागली, आणि तात्यांनी माईक ठेवून दिला. कुणी त्यांना नको म्हणालं नव्हतं. गरज नाही म्हणाले.

पडद्याचं ते कापड घडी घालून मंडळाच्या खोलीत ठेवलेलं होतं कित्येक वर्ष. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आलं, आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलेलं, त्यात खोली वरपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर चिखल काढताना ते हाताला लागलं, उलगडायला गेलो तर फाटत गेलं.

आज्जी त्याच्या बरीच आधी गेली. शेवटची दोन वर्ष तिला मोतीबिंदूमुळं नीट दिसायचं नाही, तर टीव्हीला जुना सिनेमा लागला की मला शेजारी बसवून म्हणायची, "नावं वाच." मी तात्यांसारखी वाचायचो, थांबून थांबून, आणि प्रत्येक नावाला ती "हं" म्हणायची. एकदा दुपारी सांगत्ये ऐका लागला तर सुरुवातीची नावंच कापलेली, थेट गोष्टच सुरू. आज्जी म्हणाली, "आरं, नावं कुठं गेली?" मी म्हणालो आज नाही दाखवली. ती गप्प बसली. मग मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि पाठ होती तशी म्हणायला लागलो, जयश्री गडकर, हंसा वाडकर, सुलोचना, रत्नमाला, चंद्रकांत, सूर्यकांत, दादा साळवी. आणि आवाज परत वाढवायला हात पुढं केला.

"वसंत शिंदे ऱ्हायला की," आज्जी म्हणाली.