शून्य-सतरा

आमच्या नर्सिंग होमच्या पार्किंगमध्ये त्या रविवारी दुपारी एका गाडीचा हॉर्न सतरा वेळा वाजला, आणि ड्यूटीवरची स्टाफ नर्स असूनही मी तो बंद करायला गेले नाही.

नर्सिंग होम म्हटलं की आपल्याकडे बाळंतपणाचा दवाखाना आठवतो. आयर्लंडमध्ये त्याचा अर्थ वृद्धाश्रम आणि दवाखाना यांच्या मधलं काहीतरी. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. मिरजेत नर्सिंग केलं, मुंबईत चार वर्षं काढली आणि 2018 मध्ये इकडे टिपरेरी काउंटीच्या दक्षिण टोकाला आले. इथे भारतीय नर्स म्हणजे केरळची, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं की मला मल्याळम येत नाही याचं पहिले सहा महिने सगळ्यांना नवल वाटायचं.

नऊ नंबरच्या खोलीत एक शेतकरी होते, ब्याण्णव वर्षांचे. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, पण ब्याण्णव वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. मी 'आजोबा' म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांना तो शब्द आवडला. त्यांच्या लेखी मी 'पोरी'.

गेलिक फुटबॉल मला त्यांनीच शिकवला. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. बॉल हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटायचा नाहीतर पायाने उडवून परत हातात घ्यायचा. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट; दांड्यावरून गेला तर तेव्हा एक. गोल आणि पॉइंट वेगवेगळे लिहायचे. सुरुवातीला मी सरळ बेरीज करून सांगायचे, तर आजोबा चिडायचे. खेळ कसा झाला ते त्या दोन आकड्यांतच कळतं म्हणे.

बाकीचं समजावून सांगायची गरजच पडली नाही. इथे प्रत्येक गावाचा, खरं तर प्रत्येक चर्चच्या पॅरिशचा, एक क्लब असतो. जन्माला आलात की तो क्लब तुमचा. त्यातून निवडलेले काउंटीसाठी खेळतात. पगार कुणालाच नाही. रविवारी टीव्हीवर दिसलेला फुलबॅक सोमवारी शाळेत गणित शिकवत असतो किंवा गाईंचं दूध काढत असतो. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाच्या मॅचला शाहू स्टेडियमवर काय होतं ते लहानपणापासून बघितलेल्या बाईला यात नवं ते काय? पेठेच्या जागी पॅरिश, एवढंच.

पण टिपरेरीत फुटबॉलवाल्यांचा मान सावत्र लेकरासारखा. ही काउंटी हर्लिंगची, म्हणजे काठी आणि छोट्या चेंडूने खेळायच्या आयरिश खेळाची. 2019 मध्येच हर्लिंगचं अठ्ठाविसावं ऑल-आयर्लंड विजेतेपद आलेलं, सगळे तोच गुलाल उधळत होते. फुटबॉलमध्ये मन्स्टर प्रांताचं विजेतेपद शेवटचं मिळालं 1935 मध्ये. त्यानंतर मन्स्टर म्हणजे केरी नाहीतर कॉर्क या शेजारच्या काउंट्या. मध्ये एकदाच, 1992 मध्ये, क्लेअरने घुसखोरी केली होती. 1935 मध्ये आजोबा सात वर्षांचे. वडील सायकलने मॅचला गेले, हे लहान म्हणून घरी राहिले, आणि वडील परत येईपर्यंत झोपून गेले. "जिंकलो तेव्हा मी झोपलो होतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान पन्नासदा ऐकलं असेल.

2019 च्या शरद ऋतूत काउंटीच्या फुटबॉल टीमला नवा मॅनेजर मिळाला, डेव्हिड पॉवर. 2011 मध्ये याच माणसाच्या हाताखाली टिपरेरीची अठरा वर्षांखालची पोरं डब्लिनला हरवून ऑल-आयर्लंड जिंकली होती. ती पोरं आता पंचविशी ओलांडलेली. मी आजोबांना विचारलं, आता तरी काही होईल का? जन्मभर गुरं राखलेला माणूस. म्हणाले, "गवळी बदलला म्हणून गाय जास्त दूध देत नाही, पोरी." फेब्रुवारीत लीग सुरू झाल्यावर त्यांचंच खरं ठरतंय असं दिसत होतं. टीम तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, तिथूनही खाली घसरायच्या बेतात.

मग मार्च आला आणि सगळंच थांबलं. त्या वसंत ऋतूबद्दल मी फार लिहिणार नाही. पहिल्या लाटेत आयर्लंडमधल्या कोविड मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त नर्सिंग होममधले होते, यावरून काय ते समजा. आजोबा वाचले. त्यांच्या समोरच्या खोलीतले त्यांचे पत्त्यांचे जोडीदार वाचले नाहीत.

ऑक्टोबरात खेळ परत सुरू झाला, रिकाम्या मैदानांवर. लीगमध्ये टिपरेरी कशीबशी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये टिकली. त्या वर्षी चॅम्पियनशिप सरळ बाद पद्धतीची, हरलं की घरी. पहिल्याच मॅचमध्ये क्लेअरला हरवलं. मग लिमरिक. ती मॅच हातातून गेलीच होती, पण अगदी शेवटी कॅप्टन कॉनर स्विनीने साइडलाइनवरून अशी किक मारली की बॉल वळून दांड्यावरून गेला आणि मॅच जादा वेळेत गेली. तिथे जिंकले. दुसऱ्याच दिवशी कॉर्कने केरीला शेवटच्या क्षणी गोल मारून घरी पाठवलं. आजोबांनी त्या रात्री झोपेची गोळी घेतली नाही. "आता झोपायचं नाही," म्हणाले. मी चार्टवर 'रुग्णाने नाकारली' असं लिहिलं. कारणाचा रकाना रिकामा ठेवला.

मन्स्टरची फायनल 22 नोव्हेंबरला, कॉर्कशी. आणि 21 नोव्हेंबर कुठला दिवस हे इथे सांगावं लागत नाही. 1920 मध्ये त्या तारखेला डब्लिनच्या क्रोक पार्कवर डब्लिन आणि टिपरेरीची मॅच चालू असताना ब्रिटिशांच्या फौजेने मैदानात शिरून गोळीबार केला. त्या सकाळी आयरिश बंडखोरांनी शहरात ब्रिटिश हेरांना मारलं होतं, त्याचा सूड प्रेक्षकांवर निघाला. चौदा माणसं गेली, त्यांत दहा आणि अकरा वर्षांची मुलं. खेळाडूंपैकी एक, टिपरेरीचा मायकेल होगन, वय चोवीस. त्याचं गाव ग्रेंजमॉकलर आमच्यापासून जवळच, आणि आजोबांचे वडील त्याच्या अंत्ययात्रेत चालले होते, असं ते सांगायचे. क्रोक पार्कच्या मुख्य स्टँडला आज त्याचं नाव आहे.

मला जालियनवाला आठवल्याशिवाय कसं राहील? तेव्हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता मायकेल ओड्वायर. डायरची पाठराखण करणारा, पुढे 1940 मध्ये उधमसिंगांनी लंडनमध्ये ज्याला गोळी घातली तो. हा माणूस टिपरेरीचाच, लिमरिक जंक्शनजवळच्या बॅरन्सटाउनचा. मला हे इथे आल्यावर कळलं. आजोबांना सांगितलं तर क्षणभर गप्प बसले, मग घाईघाईने म्हणाले, "त्यांचं आमचं काही नातं नाही हं."

शनिवारी संध्याकाळी घराघरात मेणबत्ती लावा असं आवाहन होतं. आमच्याकडे ऑक्सिजन असतो, त्यामुळे खरी ज्योत चालत नाही. मी स्टोअरमधून ख्रिसमसची बॅटरीवाली मेणबत्ती शोधून काढली. टीव्हीवर रिकाम्या क्रोक पार्कमध्ये चौदा नावं वाचली गेली. आजोबा प्रत्येक नावाला ओठ हलवत होते. मेणबत्तीची बॅटरी मध्येच संपली, तर म्हणाले, "राहू दे, अंधारच बरा."

रविवारी टिपरेरीने नेहमीचा निळा-सोनेरी जर्सी घातला नाही. 1920 च्या टीमसारखा पांढरा-हिरवा घातला, बाहीवर होगनचा फोटो. आजोबांना मी जेवणानंतर खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर, गुडघ्यांवर चौकटीचं ब्लँकेट. ऐकू कमी यायचं. एरवी ते ओठ वाचायचे, पण माझ्या तोंडावर मास्क आणि वर व्हायजर. म्हणून मार्चपासून आमच्यात एक छोटा पांढरा बोर्ड होता, मी मार्करने लिहायची. त्यावर त्या दिवशी स्कोअर.

त्यांचा मुलगा, साठीच्या पुढचा, पाच किलोमीटरच्या हद्दीत राहणारा. आत यायला बंदी. त्याने गाडी थेट खोलीच्या खिडकीसमोर लावली होती. काचेतून बापाचा टीव्ही त्याला दिसत नव्हता, म्हणून गाडीतला रेडिओ. आणि इथेच घोटाळा झाला. रेडिओ टीव्हीच्या काही सेकंद पुढे असतो. टिपरेरीचा पॉइंट झाला की मुलगा हॉर्न मारायचा, आणि टीव्हीवर अजून खेळाडू बॉल घेऊन पळतच असायचा.

पहिल्या हॉर्नला आजोबा दचकले. दुसऱ्याला भडकले. "त्याला सांग, मला बघू दे!" मी खिडकीशी जाऊन हातवारे केले. मुलाने आनंदाने हात हलवला आणि आणखी एक हॉर्न दिला. तोही पॉइंटच निघाला. मग आजोबांनी वेगळीच पद्धत काढली. बॉल कॉर्कच्या बाजूला गेला की मान थोडी खिडकीकडे वळवायची, उजवा कान पुढे. उजव्या कानातच मशीन होतं. हॉर्न वाजला की शांतपणे टीव्हीकडे बघायचं, आधीच माहीत असलेल्या माणसासारखं. हॉर्न नाही वाजला तर डोळे मिटून घ्यायचे, वाइड गेलेला बॉल बघायलाच नको.

मध्यंतरात रक्तदाब बघायची वेळ होती. त्यांनी हात ब्लँकेटखाली घातला. "मॅच संपल्यावर." मी बोर्डवर लिहिलं, 'मला रागावतील.' त्यांनी मार्कर घेऊन खाली लिहिलं, 'मला पंच्याऐंशी वर्षं झाली वाट बघून.'

हाफ-टाइमनंतर मी कशाला खोटं बोलू, ट्रॉली दारात लावून तिथेच उभी राहिले. दहा आणि अकरा नंबरच्या गोळ्या पंधरा मिनिटं उशिरा गेल्या. कॉर्कचं ते पॉर्क ई कीव मैदान पंचेचाळीस हजारांचं, आणि पूर्ण रिकामं, खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. टिपरेरीचे बहुतेक पॉइंट स्विनी आणि मायकेल क्विन्लिवन या दोघांनीच मारले. मधल्या फळीत कॉलिन ओरिअर्डन होता. एरवी हा पोरगा तेव्हा सिडनीत ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा, व्यावसायिक. सुट्टीत घरी आला होता, आणि त्याच्या क्लबने त्याच आठवड्यात परवानगी दिली. पैसे घेऊन खेळणारा माणूस गावासाठी फुकट खेळायला उतरतो हे बघून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या पेठेत त्याची मिरवणूक काढली असती.

शेवटची काही मिनिटं. मी बोर्डवर 17-14 लिहिलं. तीन पॉइंटचा फरक म्हणजे कॉर्कला एक गोल पुरेसा. आजोबांनी बोर्डकडे बघितलं आणि अशा घडीलाही खेकसले, "शून्य कुठंय?" मी पुसून 0-17, 0-14 लिहिलं. मार्कर सुकत आलेला, दुसरं शून्य अर्धवटच उठलं.

शिट्टी टीव्हीवर वाजायच्या आधी बाहेर हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. टीव्हीवर अजून बॉल हवेत होता. त्या तीन-चार सेकंदांत आजोबांना सगळं कळलेलं होतं आणि ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्या ग्लोव्हमधल्या हाताचं मनगट धरलं. शेतकऱ्याचा हात, ब्याण्णवाव्या वर्षीही दुखेल इतका घट्ट. मग टीव्हीवर शिट्टी झाली, पांढरे-हिरवे जर्सी एकमेकांवर पडले.

मुलगा गाडीतून उतरून खिडकीशी आला. बापाने आतून काचेवर तळवा टेकवला, मुलाने बाहेरून. दोघांनाही रडायची सवय नसावी. दोघं दोन वेगळ्या दिशांना बघत होते. मी पडद्याची दोरी नीट करत उभी राहिले, त्या दोरीला काहीही झालेलं नव्हतं.

चहा देताना मी त्यांना गाईची आठवण करून दिली. गवळी बदलून दूध वाढत नाही म्हणाला होतात ना? साखर ढवळत म्हणाले, "वाढत नाही. पण काही गवळी गाईला घाबरवत नाहीत, तेवढं खरं." डेव्हिड पॉवरला त्यांच्याकडून मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी ती हीच. रक्तदाब 172 आला. पाच वाजता परत घेतला, 138.

ड्यूटी संपल्यावर भावाला फोन लावला. कोल्हापुरात मध्यरात्र उलटलेली, पण फुटबॉल म्हटल्यावर तो उठून बसला. "किती गोल मारले?" म्हटलं, शून्य. "आणि समोरच्यांनी?" तेही शून्य. "मग जिंकले कसे?" समजावून सांगेपर्यंत माझी बस आली.

ऑल-आयर्लंडची सेमीफायनल 6 डिसेंबरला, क्रोक पार्कवर, मेयोशी. आमच्या फायनलच्याच दिवशी अल्स्टर प्रांतातून कॅव्हन जिंकल्यामुळे सेमीफायनलचे चार संघ 1920 सालचेच झाले होते, अगदी तेच चार. डब्लिनमध्ये त्या संध्याकाळी असं धुकं पडलं की टीव्हीवर दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं आजोबा वैतागतील. ते खुर्ची खिडकीकडे वळवून बसले, टीव्हीकडे पाठ.

मेयोने पाच गोल मारले. त्यांचे 5-20, आमचे 3-13. म्हणजे हॉर्न सोळा वेळा. मध्ये मध्ये फार वेळ काहीच वाजत नव्हतं, तेव्हा मी बोर्ड हातात घेऊन नुसती उभी. शेवटी बाहेर गाडीचा दिवा लागला, मुलगा उतरला, काचेशी येऊन खांदे उडवले. आजोबांनी मार्कर मागितला, बोर्डवर काहीतरी लिहून काचेला लावला. मी मागे होते, मला अक्षरं उलटी दिसत नव्हती की सुलटी. मुलगा वाचून हसला आणि गाडीकडे परत गेला.

हॉर्न एकदा वाजला. सतरावा.