आकडा गिळणारी माणसे

प्रत्येक मोठ्या कुटुंबात एखादे तरी माणूस असे असते की, वाद सुरू झाला म्हणजे कोणाचे म्हणणे कोठे चुकते आहे हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसते, आणि आवाज चढू लागले की बैठकीतून उठून गोठ्याकडे जाणारेही तेच असते. तर्क सोडून बोललेले त्याला खपत नाही आणि भांडण त्याला सोसवत नाही. मी अशांपैकीच एक आहे. लातूरला गणित शिकवते, औसा तालुक्यातल्या आमच्या गावी सणावाराला आणि वाटणीच्या बोलण्यांना जाते, आणि या दोन प्रवृत्तींचा मेळ कसा घालायचा हा माझ्यासाठी रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे.

कार्ल युंग यांनी 1921 मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात विचार आणि भावना हे निर्णयाचे दोन परस्परविरोधी मार्ग मानलेले आहेत. पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्या आधारावर सोळा प्रकारांची प्रश्नावली तयार केली आणि आज आमचे विद्यार्थीसुद्धा मोबाइलवर ती सोडवून आपापल्या प्रकाराची खूण असलेली चार अक्षरे एकमेकांना सांगत असतात. या प्रश्नावलीत विचार आणि भावना ही एकाच रेषेची दोन टोके असल्यामुळे, ज्याला दोन्हींची ओढ सारखीच आहे त्याला त्या रेषेवर आपली जागा सापडत नाही. मानसशास्त्रीय संशोधनात आज अधिक वापरली जाणारी पाच घटकांची मांडणी याहून वेगळी आहे. तिच्यात इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती हा एक स्वतंत्र घटक आहे, नव्या कल्पना-विचारांची ओढ हा दुसरा, आणि एकाचे प्रमाण वाढले म्हणून दुसऱ्याचे घटलेच पाहिजे असे काही नाही. मला ही मांडणी अधिक पटते, कारण मी पाहिलेली बहुतेक अबोल माणसे तर्कात कमी पडत नव्हती आणि मायेतही कमी पडत नव्हती. त्यांना अडत होते ते या दोन गोष्टी एकाच वाक्यात बोलण्यापाशी.

अशा माणसाच्या मौनाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. ज्याचा फायदा होतो तो ‘त्याला मान्य आहे’ असे सांगत फिरतो आणि ज्याचे नुकसान होते तो त्याला आतल्या गाठीचा म्हणून बाजूला ठेवतो. केनेथ थॉमस आणि राल्फ किल्मन यांनी 1974 मध्ये वाद हाताळण्याच्या पाच रीती मांडल्या: स्वतःचेच पुढे रेटणे, मिळून मार्ग काढणे, दोघांनीही थोडे थोडे सोडणे, वाद टाळणे आणि समोरच्याचे मान्य करणे. यांपैकी कोणतीही रीत मुळात वाईट नाही, प्रसंगानुसार प्रत्येकीची गरज पडते, असे त्या दोघांचे म्हणणे होते. आणि क्षुल्लक गोष्टीसाठी वाद टाळणे हे मलाही शहाणपणाचेच वाटते. अडचण येते ती शेवटच्या दोन रीतींमधली सीमा पुसली गेल्यावर. आपण समोरच्याचे मान्य केले आहे की नुसते टाळले आहे, हे जेव्हा आपले आपल्यालाही सांगता येत नाही, तेव्हा मनातल्या मनात जो हिशेब चालू राहतो तो वर्षानुवर्षे थांबत नाही.

आमच्या विहिरीचे उदाहरण सांगते, कारण मराठवाड्यात तर्क आणि सलोखा यांची गाठ जितक्या वेळा पाण्यावर पडते तितकी दुसऱ्या कशावर पडत नसावी. माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि मोठे चुलते यांची विहीर सामायिक होती आणि पाण्याच्या पाळ्या दिवसांवर ठरलेल्या होत्या; चार दिवस यांचे, चार दिवस त्यांचे. दिवसांची ही समान वाटणी वरून पाहता निर्दोष होती. परंतु शेतीची लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, ती येण्याचे तासही सारखे नसतात, मधेच ती जाते. त्यामुळे सारख्या दिवसांत सारखे पाणी मिळतच नव्हते. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी, विहीर तळाला गेली की, ‘तुमच्या पाळीत पाणी जास्त उपसले’ हे वाक्य कोणीतरी बोलायचे आणि मग आठवडाभर दोन्ही घरांतले बोलणे बंद व्हायचे. कागदावर पाहिले तर चूक मोजमापात होती. मोजायचे होते ते मोटार चाललेले तास, आणि आम्ही मोजत होतो दिवस.

ही गोष्ट मला फेब्रुवारीत कळली होती, परंतु मी ती दिवाळीत बोलले. उशीर म्हणून जे दिसते ते मी ठरवून केले होते. विहीर तळाला गेलेली असताना कोणताही आकडा हा कोणाच्या तरी बाजूचा आकडा होऊन बसतो, आणि तो मांडणारी पुतणी ही बापाची वकील ठरते. सोयाबीन घरी आलेले, विहीर भरलेली आणि पुढच्या उन्हाळ्यात पाळी कोणावर कशी पडणार हे कोणालाच माहीत नसलेले असे जे दिवस असतात, त्या दिवसांत तोच आकडा नुसता आकडा राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे मी आधी उत्तर सांगितले नाही. ‘पाणी दिवसांवर मोजायचे की मोटारीच्या तासांवर?’ एवढाच प्रश्न दोघांसमोर एकाच वेळी ठेवला. तासांवर मोजावे हे दोघांनीही मान्य केले, आणि मगच वही उघडली. मोजमाप कोणते हे आधी ठरले आणि निकाल नंतर निघाला, तर हरलेल्या माणसाला आपण हिशेबापुढे वाकलो असे म्हणता येते, भावापुढे वाकलो असे म्हणावे लागत नाही. आमच्याकडच्या जुन्या लोकांना हे चांगले ठाऊक होते. मोठ्या भावाने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, किंवा लहान लेकराच्या हाताने चिठ्ठ्या काढायच्या, या रीतींमध्ये तर्कच आहे, आणि तो सलोखा टिकावा म्हणून योजलेला तर्क आहे.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी वहीत कोठेच नव्हती. चुलत्यांचा खरा त्रास तासांचा नव्हता. वय झाल्यावर रात्री अंधारात, विंचूकाट्याच्या भीतीत मोटार सुरू करायला जाणे त्यांना जड जात होते आणि तसे बोलून दाखवणे त्याहून जड जात होते. ते कळल्यावर रात्रीच्या पाळ्या चुलतभावांनी घेतल्या आणि तास बरोबर केले. हिशेब करणाऱ्या माणसाने आकड्यांबरोबर हेही विचारले पाहिजे की समोरच्याला नेमके काय दुखते आहे. सलोखा राखणाऱ्या स्वभावाचा उपयोग तेथे होतो, कारण त्या स्वभावाच्या माणसाला ऐकून घेता येते.

वेळेवर न केलेल्या हिशेबाचे काय होते, हे लातूरने 2016 मध्ये पाहिले आहे. त्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणे होऊ नयेत म्हणून कलम 144 लावावे लागले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आले होते. जमावबंदीने रांगेतली शांतता राखता येते, आणि त्या दिवसांत तिची गरजही होती, परंतु उपसा किती आणि पुनर्भरण किती हा प्रश्न ती सोडवू शकत नाही. तो प्रश्न पाऊस चांगला झालेल्या वर्षांतच विचारावा लागतो, आणि चांगल्या वर्षात तो विचारणारा माणूस सर्वांना अपशकुनी वाटतो.

ऐन भांडणाच्या वेळी काय करावे, याविषयी थोडेसे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी दांपत्यांच्या वादांचा दीर्घकाळ अभ्यास केला. वादात हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला धड ऐकता येत नाही आणि विचारही नीट करता येत नाही, म्हणून किमान वीस मिनिटे थांबावे, असे ते सांगतात. आमच्यासारख्यांची वाचा बसते ती बहुधा याच क्षणी. थांबणे योग्यच आहे, मात्र थांबताना परत कधी बोलणार ते सांगितले पाहिजे. ‘आत्ता नको, रविवारी संध्याकाळी बसू’ हे वाक्य आणि काही न बोलता उठून जाणे यांत फार अंतर आहे. सॉलोमन ॲश यांच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांचीही येथे आठवण होते. रेषेची लांबी ओळखण्याच्या साध्या प्रश्नावर आजूबाजूचे सगळे मुद्दाम एकच चुकीचे उत्तर देत, तेव्हा ज्यांची परीक्षा चालली होती त्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकत असत. परंतु एक जण जरी खरे बोलला, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली येई. माझ्या मायच्या बचतगटात कर्जाच्या व्याजाची आकारणी चुकते आहे हे अनेक जणींना ठाऊक होते आणि प्रत्येक जण ‘उगीच कशाला वाद’ म्हणून गप्प होती. एकीने वही पुढे करून ‘हे मला समजावून सांगा’ एवढेच म्हटले, आणि बाकीच्या बोलू लागल्या.

पैठणच्या एकनाथांना आपण शांतिब्रह्म म्हणतो. गोदावरीवरून स्नान करून येताना एक माणूस पुन्हा पुन्हा अंगावर थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा न रागावता नदीवर गेले, ही कथा मराठवाड्यातल्या प्रत्येक लेकराला सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा ती ‘सहन कर’ हे सांगण्यासाठीच सांगितली जाते. परंतु याच एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. लोकांच्या ओठांवर बसलेला चुकीचा पाठ राहू द्यावा, उगीच कोणाला दुखवू नये, असे त्यांनी म्हटले नाही. श्राद्धाचे अन्न गावाने अस्पृश्य मानलेल्यांना आधी वाढल्याची कथाही त्यांचीच आहे, आणि त्यामुळे पैठणचे ब्राह्मण दुखावले असेही तीच कथा सांगते. स्वतःच्या अपमानाचा हिशेब त्यांनी सोडून दिला. पाठाचा आणि पंक्तीचा सोडला नाही. या दोन्ही गोष्टी मला एकत्र सांगितल्या गेल्या असत्या तर बरे झाले असते, असे अनेकदा वाटते, विशेषतः मुलींना ही कथा सांगताना.

कारण सहन करण्याची अपेक्षा आमच्याकडे लेकींकडून अधिक असते, आणि तिचा कागदोपत्री पुरावा म्हणजे हक्कसोड. वडील वारले, वारसाची नोंद झाली की बहिणींना निबंधकाच्या कार्यालयात नेतात, साडी-चोळी होते आणि हक्कसोडपत्रावर सह्या होतात. महाराष्ट्रात 22 जून 1994 पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सर्व मुलींना मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. सही करणाऱ्या बहिणींपैकी अनेक जणींना हे ठाऊक असते. ‘माहेर तुटू नये’ हे त्यांचे कारण खोटे नाही. भाऊबीजेला उंबरठा ओलांडता यावा ही इच्छा मी कधीच क्षुल्लक मानणार नाही. तरीही मी अशा सह्यांनंतरची घरे पाहिली आहेत. आपला वाटा किती होता हे ज्या बहिणीने कधी मोठ्याने म्हटले नाही, ती पुढे दर दिवाळीला ओवाळणीचे ताट त्या न बोललेल्या आकड्याशी ताडून पाहते, आणि भावाला मात्र आपल्याला काही मिळाले होते हेच माहीत नसते.

अण्णा गेल्यावर आमच्याकडेही हे बोलणे निघाले, तेही तेराव्याला, सगळे जमलेले असताना. त्या दिवशी आकडा काढू नये एवढेच मी म्हटले आणि गुढीपाडव्यानंतरचा रविवार ठरवला. त्या रविवारी मी कागदावर मांडले: अण्णा, माय, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी असे पाच समान वाटे, मग अण्णांच्या पाचव्या हिश्शाचे आम्हा चौघांत चार भाग, म्हणजे प्रत्येकाचा एकूण हिस्सा चौथा. जमीन आठ एकर असल्यामुळे प्रत्येकाला दोन. भाऊ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “अक्का, तू हिशेब मांडायलीस की भांडण?” मी सांगितले की हिशेब सगळ्यांसमोर एकदा होऊ दे, मग त्यातले कोण काय सोडणार ते ज्याने त्याने ठरवू.

धाकट्या बहिणीने तिचे दोन एकर भावाला सोडले. किती सोडते आहे हे तिने मायसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि मग सही केली. तिच्या त्या सहीविषयी मला मनापासून आदर आहे. मी माझे नाव सातबाऱ्यावर राहू दिले आणि वहिवाट भावाकडेच ठेवली. माझ्या हयातीत ती त्याच्याकडेच राहील हेही लिहून दिले. त्यानंतर काही महिने तो माझ्याशी मोजकेच बोलत होता. त्या काळात मी स्पष्टीकरणे दिली नाहीत, फोन करणे मात्र थांबवले नाही, आणि मायच्या औषधांविषयी, पेरणीविषयी नेहमीसारखेच विचारत राहिले. आता पीकविम्याचा अर्ज भरायच्या दिवसांत सामायिक खातेदार म्हणून माझे संमतीपत्र लागले की तो फोन करतो, मी ते त्याच दिवशी पाठवते, आणि त्यानंतर आम्ही पावसाविषयी बोलतो. पूर्वीचा मोकळेपणा अजून आलेला नाही. बोलणे मात्र चालू आहे, आणि दोन एकरांचा आकडा आम्हा दोघांनाही माहीत आहे.