मुंबईहून दुबई: जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार?

मुंबई-दुबईचं तिकीट हातात पडलं की हा प्रश्न हटकून येतो. वाट तीच, मग जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार कसे?

अंतर दोन्ही बाजूंनी सारखंच आहे, हवाई रेषेत सुमारे 1,930 किलोमीटर. मुंबई सोडली की विमान अरबी समुद्रावरून वायव्येकडे जातं, ओमान ओलांडतं आणि दुबईत उतरतं. गोंधळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी 10 ला निघून तिथल्या 11:45 ला पोहोचलात, तर प्रवास सव्वातीन तासांचा. दुपारी 1 ला निघून मुंबईत 5:30 ला उतरलात, तर तीन तासांचा. जाताना दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा. दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे हा हिशेब बारा महिने चालतो. डोसची वेळ चुकू नये म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर तो डॉक्टरांना दाखवून कागदावर मांडूनच ठेवावा.

उरलेला पाव तास वाऱ्याचा. हिवाळ्यात आखात आणि उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो आणि त्याचा दक्षिणेकडचा पदर या वाटेवर येतो. विमानाचा वेग ताशी 830 किमी धरा. समोरून 100 किमीचा वारा असला तर हाती 730 उरतात, पाठीशी असला तर 930 होतात. तेवढंच अंतर एकदा 2 तास 40 मिनिटांत कापलं जातं, एकदा 2 तास 5 मिनिटांत. पावसाळ्यात वरचा वारा बराचसा पूर्वेकडून येतो, तेव्हा ही तफावत मिटत जाते.

वेळापत्रकातली वेळ मात्र गेटवरून विमान हलल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. गर्दी झाली किंवा पाऊस कोसळू लागला की उतरणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. वाऱ्याने वाचवलेली मिनिटं तिथेच खर्ची पडतात. न्यायला येणाऱ्यांनी छापील वेळेपेक्षा विमानाची चालू स्थिती बघावी.

खरं नुकसान होतं ते तारखेमुळे. 15 तारखेचं 00:40 चं विमान म्हणजे 14 च्या रात्रीच घर सोडायचं. आणि विमानतळाचा कोड वाचा: डीएक्सबी म्हणजे शहरातला विमानतळ, डीडब्ल्यूसी म्हणजे दक्षिणेला दूर असलेला अल मक्तूम. स्वस्त म्हणून शारजाचं तिकीट काढलंत, तर टॅक्सीचे पैसे आणि रस्त्यावरची कोंडी दोन्ही आधीच धरून चाला.