एक जुलै आणि आमचा माण

शाळेमागच्या त्या चिंचेला यंदा पहिल्यांदा आकडे धरले. मी तडक फोटो काढून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवले.

१९५० साली केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैचा पहिला आठवडा झाडांचा ठरला. आपल्याकडे १ जुलै म्हणजे वसंतराव नाईकांची जयंती, कृषिदिन. २०१६ साली याच तारखेला राज्यात एका दिवसात २ कोटी रोपं लावायची ठरली, तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. खड्डे मे महिन्यातच घेतलेले. टेम्पोतून चिंच, करंज, कडुनिंब अशी साठ रोपं आली. एरवी एवढी रोपं आमच्या दारात कोण आणून देतं? सरकारी दिवसाचं हे मोल मी मनापासून मानते.

पण जुलैचा पाऊस आमचा नव्हेच. आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला आर्द्रा, पुनर्वसू ही नक्षत्रं धो धो कोसळतात आणि माणात नुसता वारा सुटतो. ढग डोक्यावरून पळत पुढे जातात. आमची सगळी भिस्त उत्तरा आणि हस्तावर, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसावर. गणपतीपर्यंत साठातली एकवीस रोपं उरली. मुलं रोज वाळक्या काड्यांना पाणी घालत होती, ते बघवत नव्हतं.

शेजारच्या रानातले आजोबा बांधावरून म्हणाले, "बाई, वापसा आल्याबिगर आम्ही कुरी धरत न्हाय. तुमी तारीख बघून झाड लावताय." वापसा म्हणजे पेरणीजोगी ओल, कुरी म्हणजे पेरायची पाभर.

पुढच्या वर्षी १ जुलैला कार्यक्रम केला, पण पाचच रोपं लावली. उरलेली तीस मोठ्या पिशव्यांत भरून पाण्याच्या टाकीच्या सावलीला ठेवली. दुपारच्या जेवणानंतर मुलं हात धुवायची, ते पाणी त्यांना. उत्तरा पडल्या, माती ओली झाली आणि मग लावली. प्रत्येक आळ्यात भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरलं, भोवती बाभळीच्या काट्या लावल्या, कारण शेळ्या काही वनमहोत्सव पाळत नाहीत. मे सरला तेव्हा तिसांतली सव्वीस उभी होती. ही चिंच त्यांतलीच.

१ जुलै राहू द्या. पण माण, खटाव, आटपाडी, जत अशा दुष्काळी तालुक्यांसाठी सप्टेंबरातला एक दिवसही कागदावर येऊ द्या, म्हणजे रोपांचा टेम्पो तेव्हा येईल.

शाळेच्या नोंदवहीत 'वृक्षारोपण दिनांक' असा रकाना होता. त्याच्या शेजारी मी पट्टीनं रेघ मारून आणखी एक वाढवला: 'मेअखेर जिवंत'.